आरण्याचा दहावा

कोणाला काय भेट द्यावी हे ओळखण्यात माझा हात धरणारं माणूस अख्ख्या नागावात नाही! हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. निदान गेल्या महिन्यापर्यंत म्हणत होते. शेजारचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांना शाली दिल्या, मी गजर नसलेलं घड्याळ दिलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. नणंदेच्या सासूला गुडघ्याचा गरम पट्टा दिला, तेव्हापासून ती माझ्याशी बरं बोलते. नणंदेशी अजूनही बोलत नाही.

फक्त एका माणसापुढे माझी विद्या चालत नाही. माझी लेक, राही. वय चोवीस, नोकरी अलिबागला एका आर्किटेक्टकडे, आणि जीव एका खेळात.

हा खेळ कसा असतो ते सांगते, मला समजायला चार वर्षं लागली. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच पोरंपोरी आमच्या मागच्या पडवीत बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. गणराज नावाचा एक मुलगा गोष्ट सांगतो. जंगल, राक्षस, जादूगार, पडके किल्ले. बाकीची चौघं त्या गोष्टीतली माणसं होतात. आता राक्षसाला बाण लागला की नाही, हे कोण ठरवणार? त्यासाठी वीस पैलूंचा फासा. तो टाकायचा आणि किंचाळायचं. मी चहा नेऊन देते आणि आत येऊन कानात बोटं घालते.

मागच्या वर्षी वाढदिवसाला मी राहीला शिसवी लाकडाची सापशिडी दिली. खेळ म्हणजे खेळ! त्याच्या आदल्या वर्षी जत्रेतलं धनुष्य, कारण खेळात ती तिरंदाज आहे असं कळलं होतं. त्याच्या बाणाला पुढे रबराची टोपी होती. राही दोन्ही वेळा "छान आहे, आई" म्हणाली. पाहुण्यांच्या बाळाला आपण जसं म्हणतो, तसं.

तर गेल्या महिन्यात एका शुक्रवारी पडवीतून किंचाळी आली नाही. मी चहा घेऊन गेले तर सगळे गप्प. राहीच्या डोळ्यांना धार लागलेली.

"काय झालं गं?"

"आरण्या मेली," मृणाली म्हणाली. ही राहीची जिवाची मैत्रीण.

आरण्या म्हणजे राहीची खेळातली बाई. तीनशे वर्षांची, जंगलात वाढलेली तिरंदाज. सहा वर्षं राही ती होती. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावं?

"एवढी तर तू आजोबा गेले तेव्हा रडली नव्हतीस!"

बोलले आणि कळलं. पण कळून काय उपयोग? सुटलेल्या बैलाच्या मागे दावं घेऊन धावण्यातला प्रकार. राही उठून खोलीत गेली. आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती सगळ्यात लाडकी. ते गेले तेव्हा ती कोणासमोर रडली नव्हती, कारण मीच इतकी रडत होते की मला धरायला कोणीतरी हवं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी बोलले.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी ताटावर बसून म्हणाली, "आई, मी अलिबागला खोली घेतेय. मृणालीबरोबर. वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी जाईन."

नागावहून अलिबाग स्कूटीवर वीस मिनिटं. वीस मिनिटांसाठी कोणी खोली घेत नाही. खोली घेतात ती आईपासून लांब राहायला.

"जा की," मी म्हटलं. आणि तिच्या ताटात नको असताना भात वाढला.

आता भेट चुकवून चालणार नव्हतं. मी मृणालीला फोन केला.

"फासे देऊ का? चांदीचे?"

"काकू, तिच्याकडे अकरा संच आहेत."

"मग?"

"काकू, खरं सांगू? तिला वस्तू नकोय. तिचं माणूस गेलंय, आणि घरात कोणाला त्याचं काही नाही."

फोन ठेवला आणि कॅलेंडरसमोर उभी राहिले. आरण्या गेली शुक्रवारी. राहीचा वाढदिवस पुढच्या रविवारी. बोटांवर मोजलं. बरोबर दहावा दिवस!

माणूस गेलं की दहाव्याला पान ठेवतात. मग आरण्याचं का नको? भटजींना बोलवायची माझी हिंमत नव्हती, गोत्र काय सांगणार? पण कावळ्याला पान ठेवायला भटजी लागत नाही. पानावर गेलेल्याच्या आवडीचं ठेवायचं, एवढंच. आमच्या आजेसासऱ्यांच्या पानावर सुके बोंबील आणि पेल्यात थोडी 'ती' होती. कावळ्याने आधी पेला पाहिला होता.

"मृणाली, आरण्याला खायला काय आवडायचं?"

"भाजलेलं रानडुक्कर आणि मध. का हो काकू?"

"सहज."

रानडुक्कर मारलं तर वनखातं मला घेऊन जाईल. म्हणून गावठी कोंबडी ठरवली, ती निदान चार दिवस रानात हिंडलेली असते. शनिवारी मनुबाईकडे गेले. ती कोंबड्या विकते आणि कोंबडीबरोबर बातमी फुकट देते.

"जागृतीवहिनी, पाव्हणे हायेत काय?"

"नाही गं. पान ठेवायचंय उद्या."

मनुबाईचा हात कोंबडीच्या पायावरच थांबला. "कोनाचा?"

आता काय सांगू? "आहे घरातलंच," मी म्हटलं, आणि घाईघाईने निघाले.

इथे मनुबाईची चूक नाही. तिने सरळ हिशेब केला. घरात नवरा, बायको, लेक; तिघं धडधाकट. मग घरातलं म्हणजे कोण? दिवेआगरला धाकट्या लेकीकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाई, सोनूबाई. वय शहाऐंशी. आणि गावठी कोंबडीवर कोणाचा जीव? सोनूबाईंचा!

रविवारी सकाळी मी कुंपणाच्या गडग्यावर केळीचं पान मांडलं. भात, दही, भाजलेली कोंबडी, वाटीत मध. अगरबत्ती लावली. राही अजून झोपलेली. उठली की तिला हात धरून बाहेर आणायचं, असं ठरवून मी मागे वळले, तर फाटकात आवडाबाई! भावकीतली सगळ्यात मोठी बाई. अंगावर पांढरं लुगडं, मागे सात-आठ बायका, एकीच्या डोक्यावर पिठलं-भाताची टोपली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारून अन्न येतं. इथे माझ्या चुलीवर तर वाढदिवसाची खीर उकळत होती!

"आम्हाला कळवलास पन न्हाय गो!" आवडाबाईंनी मला गळ्याशी धरलं. "धा दिस झालं! आम्ही परकी हाव काय?"

"अहो, तसं नाही, ऐका ना..."

ऐकतंय कोण! बायका रडू लागल्या. आमच्याकडे रडणं मध्येच थांबवत नाहीत, अर्धवट रडणं मेलेल्याला पोचत नाही म्हणतात. मी "ऐका ना" म्हणायचे, की त्यांना वाटायचं हिला बोलवत नाही, आणि रडणं आणखी वाढायचं. तोवर पुरुष येऊन अंगणात बसले. कोणीतरी खुर्च्याही आणल्या. बघता बघता तीस माणसं!

आणि मग मोटारसायकल आली.

आमचे हे, धनेश, मांडव्याच्या जेट्टीवर कामाला. रविवारी गर्दी म्हणून पहाटेच जातात. बोटीवर चढणाऱ्या कोणीतरी त्यांना हात जोडून सांगितलं, "आईचं कळलं." यांनी दिवेआगरला फोन लावला, तो बंद. सासूबाई फोन चार्ज करत नाहीत, वीज वाया जाते म्हणून. नणंदेने उचलला नाही. हे आले ते फाटकातच पायरीवर बसले. हेल्मेटसकट. हेल्मेटच्या आतून रडणं वेगळंच ऐकू येतं, माठात कोणी रडत असल्यासारखं.

हसू नका. मीही तेव्हा हसले नाही. बत्तीस वर्षांत मी या माणसाला रडताना पाहिलेलं नाही.

मी धावत जाऊन हेल्मेटची काच वर केली. "अहो, आई ठीक आहेत! खणखणीत आहेत! कोणी गेलेलं नाही!"

"मग पान?"

"ते आरण्याचं."

"कोण आरण्या?"

सगळं रडणं एका दमात बंद. तीस माणसं माझ्याकडे बघतायत आणि मी सांगतेय: ती खेळातली. राहीची. तीनशे वर्षांची. खरी नाही, पण...

"खेलातली?" आवडाबाईंनी पदर खाली सोडला. "जित्या घरावर पान मांडलास? भावल्याचा?"

हे पायरीवरून उठले. मग अगदी हळू म्हणाले, "जागृती, सगळ्या रस्ताभर मी आईला सांगत आलो, गणपतीत भांडलो ते मनात धरू नकोस."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात मागून दार वाजलं. राही! केस विस्कटलेले, अंगात झोपेचे कपडे. पाठीमागे मृणाली आणि गणराज, केक घेऊन मागच्या दाराने आलेले. म्हणजे राही कधीच उठली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

ती गडग्यापाशी गेली. पानाकडे बघितलं. कोंबडी, मध.

"रानडुक्कर नाही मिळालं," मी म्हटलं.

ती पानाला हात जोडून उभी राहिली. तीस माणसांसमोर.

आता ही माणसं पांढरे कपडे घालून, घरची कामं टाकून आली होती. उठून जाणार तरी कशी? आणि दुखवट्याच्या घरी गेल्यावर जे विचारतात, ते आवडाबाईंच्या तोंडून सवयीनेच निघालं.

"कशी गेली गो?"

राही वळली. मला वाटलं, आता ही आत जाणार.

"पुलावर," ती म्हणाली. "मागून सैन्य येत होतं. आमच्यातली तिघं जखमी होती. कोणीतरी मागे थांबायला हवं होतं."

"मग ती थांबली?"

"हो. बाण संपेपर्यंत. मग तिने पुलाचा दोर कापला. ती पुलावरच होती."

"अगं बाय!" एक म्हातारी म्हणाली.

"बाकीची तिगं?"

"वाचली." राहीने मृणालीकडे बोट दाखवलं. "ही त्यातली एक."

सगळ्यांनी मृणालीकडे बघितलं. मृणालीने मान खाली घातली, खरंच वाचल्यासारखी.

"आनि ह्यो?" गणराजकडे बघत आवडाबाईंनी विचारलं.

"हा गोष्ट सांगतो. सैन्य याचं."

"म्हंजे तू मारलास तिला?"

"नाही आजी! फाशावर वीसपैकी एक पडला!"

"फासा टाकाय कोनी लावला?"

गणराज केक घेऊन दोन पावलं मागे सरकला.

मग आवडाबाईंनी राहीचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. "पोरी, दुसऱ्यांला वाचवून गेली. चांगला मरन आला तिला."

दहा दिवस मी त्या पोरीसाठी फासे विचारले, कोंबडी आणली, पान मांडलं. कशी गेली, हे एकदासुद्धा विचारलं नव्हतं.

कावळा मात्र येईना! माडावर चार बसले होते, एक उतरेल तर शपथ. "काय ऱ्हायलाय तिचा?" आवडाबाई म्हणाल्या. "इच्छा काय व्हती?"

राहीने विचार केला. "तिला समुद्र बघायचा होता. नकाशात शेवटी समुद्र होता. आम्ही तिकडेच चाललो होतो."

"मंग हितं कशाला बसलाव? समिंदर काय लंडनला हाय?"

आणि निघाली मिरवणूक! पुढे राही हातात पान घेऊन, मागे पांढऱ्या कपड्यांतली तीस माणसं, मध्ये हेल्मेट काखेत धरलेले आमचे हे, शेवटी गणराज केकसकट. रविवारचा नागावचा किनारा म्हणजे काय विचारता! बनाना राइडवर किंचाळणारे लोक, घोडागाड्या, भेळवाले. एका पर्यटकाने मला विचारलं, "मॅडम, शूटिंग आहे का?" मी म्हटलं, "आमच्यातलं एक गेलंय." तोंडातून निघून गेलं. त्याने कॅमेरा खाली केला.

सुरूच्या झाडांखाली पान ठेवलं. सगळे मागे सरले. राही वाळूत बसून हळू म्हणाली, "हा बघ समुद्र, आलो आपण."

कावळा उतरला. आधी मधात चोच घातली, मग कोंबडी उचलून गेला.

"शिवला!" आवडाबाई म्हणाल्या.

राही रडली. मी शेजारी बसून पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. कोणी "गप, गप" म्हटलं नाही. आमच्याकडे रडणं मध्येच थांबवत नाहीत, हे सांगितलंच.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. सोनूबाई! दिवेआगरपर्यंत बातमी पोचली होती.

"आई!" हे म्हणाले. "आई, गणपतीत मी तुला जे बोललो..."

"ते ऱ्हाऊ दे. माज्या पानावर कोंबडी ठेवलीव म्हनं? कावल्याला एक तंगडी पुरं. बाकीची कोनी खाल्ली?"

सोमवारी सकाळी राहीची बॅग मी स्वतः स्कूटीला बांधली. दोर तीनदा सोडून पुन्हा बांधला. तिला कळत होतं.

शेवटी मीच धीर केला. "राही, भेट आवडली का?"

"कुठली भेट?"

"अगं, पान! वाढदिवसाची भेट होती ती!"

राहीचं हेल्मेट हातातच राहिलं. "आई," ती म्हणाली, "वाढदिवसाला कोणी दहावा घालतं का गं?"

आणि हसायला लागली. इतकी हसली की चावी लागेना. हेल्मेट घालून माझ्या गालाला गाल लावायला गेली, तर हेल्मेट माझ्या कपाळावर आपटलं. वळणापलीकडे स्कूटी दिसेनाशी झाली तरी हसू ऐकू येत होतं.

हसत गेली, हे खरं. पण खोली काही सोडली नाही हो!