वेळूगड बुडाला त्याची हकीकत

श्री. जिच्या पदराच्या गाठीत सारी भुवने बांधली आहेत त्या आईचे चरणी माथा ठेवून, निरांजन लावून, उपाशी पोटी ही हकीकत लिहिली असे. शके सोळाशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सर, श्रावणमासी एक राज्य बुडाले. ते कोणत्या मुलुखात होते म्हणाल, तर थोरल्या राणीसाहेब म्हाळसाबाई आणि धाकट्या राणीसाहेब मंजुळाबाई या दोघी सवती दोन प्रहरी सारीपाट मांडीत, त्या पटावर होते. महाराज स्वारीस गेलेले, राजवाड्यात दोन तट पडलेले, थोरलीची माणसे धाकटीच्या माणसांस घागर भरतानाही टोचून बोलत; परंतु भोजने होऊन कारभारी मंडळी वामकुक्षीस गेली म्हणजे मंजुळाबाई पट काखेत मारून थोरलीच्या महाली येत आणि कवड्या खुळखुळवून म्हणत, "आक्कासाहेब, वेस उघडा." मग म्हाळसाबाई जपमाळ डोळ्यांस लावून खाली ठेवीत आणि वेस उघडे. पटावर ज्या घरास फुली असते त्यात बसलेल्या सोंगटीस कोणी मारू शकत नाही. त्यातल्या एका फुलीस दोघींनी वेळूगड नाव ठेविले, आणि नाव ठेविल्यावर तेथे वेळूचे बन उगवले, आणि बन उगवल्यावर त्यात वारा शिरला, आणि वारा शिरल्यावर गडावरच्या माणसांस पडसे होऊ लागले. एका हिरव्या सोंगटीच्या डोक्याचा टवका उडाला होता, तो येमाजी किल्लेदार जाहला. दात पडलेला, खोकणारा, हट्टी. एकीने बोलावे आणि दुसरीने "होय" म्हणावे म्हणजे ते तेथे खरे. एकटीने ठरविलेले चालत नसे, ऐसा त्या राज्याचा कायदा. एकदा मंजुळाबाई म्हणाल्या, "येमाजीस दुसरी बायको करून देऊ." त्यावर म्हाळसाबाई म्हणाल्या, "नको गं बाई, त्या म्हाताऱ्यास सवतींचा ताप कशाला?" आणि दोघी तोंडास पदर लावून इतक्या हसल्या की कवड्या पटाखाली गेल्या. येमाजी एकाच बायकोचा राहिला.

म्हाळसाबाई बहुत नेमाच्या. पोटी मूल नाही, महाराजांचे त्या महाली येणे नाही. दिवस उगवे तो तुळशीस पाणी घालण्यासाठी, आणि दोन प्रहर होत ते वेळूगडासाठी. चातुर्मासात असत्य बोलणे नाही, बोलल्यास पुन्हा तुळशीस हात लावणे नाही, हा त्यांचा नेम लग्न होऊन आल्यापासूनचा. साऱ्या राज्यास ठाऊक. लोक म्हणत, सूर्य चुकेल पण थोरल्या बाईसाहेबांचा शब्द चुकणार नाही. तो त्या श्रावणात मंजुळाबाई डाव हरल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "घ्या आक्कासाहेब, वेळूगड तुमचा. येमाजी, शिबंदी, दारूगोळा सुद्धा. मात्र त्यास खोकला फार, काढा पाठवीत जा." आणि म्हाळसाबाईंनी खरेच मुदपाकखान्यात सांगून अडुळसा, सुंठ घालून काढा करविला व पटाच्या कडेस ठेविला. ठकू म्हणून दासी दाराआड होती आणि तिचे कान कारभाऱ्यांचे होते. तिने जाऊन अक्षर न चुकता सारे सांगितले. कारभारी राघो मल्हार यांचे डोळे मोठे जाहले. महाराज मुलुखात नसता राण्या गड देतात, घेतात, शिबंदीस औषधे पाठवितात! मग भर पावसात स्वार चहूंकडे धाडिले, त्यांनी डोंगर धुंडाळिले, घोडी चिखलात रुतली, आणि गड कोठे सापडला नाही. त्यावरून गड फारच गुप्त आहे ऐसे ठरले. मग गड देणारी ती, म्हणून मंजुळाबाईंवर फितुरीचा आळ आणिला, आणि गुन्हा शाबीत जाहल्यास लांबच्या डोंगरी किल्ल्यावर जन्माची कैद, ऐसे बोलिले.

दरबारात चिकाच्या पडद्याआड दोघी बसविल्या, मांडीस मांडी लागून. म्हाळसाबाईंनी सांगितले, "कारभारी, तो पटावरचा गड आहे." राघो मल्हार हसले, म्हणाले, "लाकडाच्या सोंगटीस खोकला होतो काय, बाईसाहेब? तीस काढा जातो काय?" सभेत कोणी खोकून दाखविले, आणि लोक हसले. मग त्यांनी चिकाखालून शपथेचा बेलभंडार आत सारिला आणि म्हणाले, "आपला शब्द म्हणजे देवाचा. हा उचलून एवढेच सांगावे, वेळूगड आहे किंवा नाही? आहे म्हणालात तर धाकट्या बाईसाहेबांचा मेणा तयार आहे." म्हाळसाबाईंनी बेलाचे पान हाती घेतले आणि त्यांस वेळूच्या बनातला ओला वास आला, आणि वेशीवर येमाजी काठी टेकून उभा, तोही दिसला. शेजारी मंजुळाबाईंचा हात थंड पडला होता. मग त्या हळूच बोलिल्या, "नाही." कारभारी म्हणाले, "मोठ्याने." तेव्हा त्या मोठ्याने बोलिल्या, "वेळूगड नाही. येमाजी नाही. बन नाही. तेथे कधी काहीच नव्हते." सभा निवाली. थोरल्या बाईसाहेबांनी सांगितले म्हणजे संपले, ऐसे म्हणून कारभाऱ्यांनी आळ मागे घेतला, मेणा रिकामा परत गेला. त्याच सांजेस म्हाळसाबाईंनी तुळशीची घागर पुजारणीच्या हाती दिली आणि दूर उभ्या राहून वृंदावनास नमस्कार केला, तो दूरचाच राहिला.

दुसरे दिवशी दोन प्रहरी मंजुळाबाई पट घेऊन आल्या. वेस उघडा म्हणाल्या नाहीत. पट अंथरला, सोंगट्या लाविल्या, कवड्या टाकिल्या, आणि बरोबर मोजून घरे चालल्या. म्हाळसाबाई म्हणाल्या, "मंजुळे, येमाजीचा खोकला कसा आहे?" मंजुळाबाईंनी हिरवी सोंगटी उचलून उलटीपालटी पाहिली आणि म्हणाल्या, "हिचा टवका गेलाय. सुताराकडे द्यायला हवी."

"अगं, असं काय करतेस?"

"मी गेले होते, आक्कासाहेब. पहाटेपासून डोळे मिटून शोधला. वाटच नाही. नुसतं कापड दिसतं."

"मी खोटं बोलले गं! तुझ्यासाठी बोलले. बेल हातात घेऊन खोटं बोलले!"

मंजुळाबाईंनी थोरलीचे पाय धरिले, डोळ्यांत पाणी आले, आणि लहान मुलास समजवावे तैसे म्हणाल्या, "आपण? आपण खोटं बोलत नाही, आक्कासाहेब. साऱ्या राज्याला ठाऊक आहे. मला वाचवलंत, उपकार झाले. टाका, डाव तुमचा."

मग म्हाळसाबाईंनी कवड्या टाकिल्या. पुढे दोघी नित्य खेळल्या, आणि हार जीत जाहली, आणि काढा पटाच्या कडेस निवत राहिला, आणि सांजेस दासी तो मोरीत ओतीत गेली. म्हाळसाबाई एकट्या असता पुष्कळदा डोळे मिटून म्हणत, येमाजी आहे. पण "होय" म्हणणारे समोर कोणी नव्हते, आणि कायदा तर त्यांनीच केलेला.

येथवर जाहले ते लिहिले. वेळूगड बुडाला, त्याचे बन गेले, किल्लेदार गेला, शिबंदी गेली. सुतक धरणारे कोणी नाही. ज्या दोघींचे राज्य, त्या दोघी जिवंत राहिल्या, समोरासमोर. आईची इच्छा.