सातवं प्रकरण आणि गच्चीवरची टाकी

"काकू, बोलून टाइप करा खुशाल, पण कुठल्या चॅटमध्ये बोलताय ते आधी बघत जा," असं चौथ्या मजल्यावरच्या वायरने मला बजावलं होतं. वायर म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी. अंगाने तशी, म्हणून नाव तसं. मी अवघी अठ्ठावीस वर्षांची असून ती मला काकू म्हणते, त्यामुळे तिचा निम्मा सल्ला तिथेच बाद झाला. उरलेला निम्मा मी हसण्यावारी नेला. "अगं, मी एम.एस्सी. आहे! फर्स्ट क्लास!"

तर मी कादंबरी लिहीत होते. विज्ञानकादंबरी, तीही कुमारांसाठी! चार कॉम्प्युटरबहाद्दर पोरं अख्ख्या शहराची यंत्रं ताब्यात घेतात आणि मोठ्यांच्या नाकी नऊ आणतात. आता बाळ आठ महिन्यांचं. एका हाताने त्याला धरायचं, दुसऱ्याने खुळखुळा वाजवायचा; लिहू कशाने, पायाने? म्हणून मी मांडीवर बाळ घेऊन फोनला प्रकरण सांगायची आणि ते मेसेज म्हणून स्वतःलाच पाठवायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. सासूबाईंना वाटायचं, मी बाळाला गोष्ट सांगतेय. "त्याला आत्तापासून कसली गं ही कटकारस्थानं?" एवढंच त्या विचारायच्या.

त्या शनिवारी दुपारी सातवं प्रकरण रंगात आलं होतं. मध्येच बाळाने फोनवर सणसणीत लाथ मारली. पडद्यावर काय सरकलं ते मी पाहिलं नाही. बोलले, पाठवलं, फोन गप्प केला आणि बाळाशेजारी आडवी झाले. तान्ह्या बाळाची आई झोपत नाही, बेशुद्ध पडते!

इकडे इमारतीच्या ग्रुपवर चौसष्ट जणांना माझ्या नावाने मेसेज पोचला: "चार वाजता लिफ्ट बंद. मग पाणी. मग दिवे. मोठ्यांना वाटेल बिघाड आहे. त्यांच्या लक्षात येईपर्यंत आपण पसार. आपला संशय कुणालाच येणार नाही."

दुसऱ्या कुणाच्या नावाने आला असता तर पोलीस आले असते. पण मी! "आज पाण्याला किंचित वास येतोय, की मलाच येतोय?" असं दर आठवड्याला विचारणारी मी! तीन मिनिटांत ग्रुपचा निकाल लागला: "ती? ती लिफ्टमध्ये एकटी जायला घाबरते! तिचा फोन कुणीतरी ताब्यात घेतलाय!"

साडेचारला बाळाने उठवलं. नळ उघडला, कोरडा. पंख्याचं बटण दाबलं, ढिम्म. बाहेर आले तर लिफ्ट मेलेली. कादंबरी खरी झाली होती! खोटं कशाला बोलू, क्षणभर अभिमानही वाटला.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दोन बादल्या घेऊन धापा टाकत होते.

"लिफ्ट कुणी बंद पाडली?" मी विचारलं.

"सेक्रेटरींनी! चारच्या ठोक्याला. खबरदारी म्हणून."

"आणि पाणी?"

"ते आम्ही भरून ठेवलं. सगळ्या घरांनी एकदम नळ सोडले, टाकी खडखडीत!"

"मग दिवे?"

"मेन स्विच सेक्रेटरींनीच पाडला. म्हणाले, त्यांनी बंद करायच्या आत आपणच बंद करू. उधळला की नाही डाव?"

डॉक्टरांनी बादल्या खाली ठेवल्या.

"आणि गुन्हेगारही सापडली बरं का! चौथ्या मजल्यावरची पोरगी. सगळ्यांचे फोन फुकटात दुरुस्त करून देते. कुणी उगाच देईल का? लॅपटॉप जप्त केलाय, सेक्रेटरींच्या लोखंडी कपाटात!"

बाळाला कडेवर घेऊन मी चौथा मजला गाठला. वायर पायरीवर बसली होती. डोळे लाल.

"तुम्हीच ना, काकू?"

"मीच गं."

"मी बाबांना तेच सांगितलं. ते म्हणाले, गरीब बाईवर ढकलू नकोस." तिने नाक पुसलं. "स्पर्धेचा प्रोजेक्ट सहाच्या आत पाठवायचाय. आजोबांना ऐकू येत नाही ना, कुणी दार वाजवलं की त्यांच्या उशाशी दिवा लागतो, तो. वर्षभर करतेय. सगळं त्या लॅपटॉपमध्ये आहे."

पाच वाजले होते.

मी तरातरा गच्चीवर गेले. सेक्रेटरीकाका टाकीला पाठ लावून खुर्चीवर बसले होते. हातात छत्री, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, शेजारी लिफ्टच्या खोलीत ते कपाट.

"काका, तो मेसेज मी लिहिलाय. कादंबरी आहे ती."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी बाळाच्या तापाकडे पाहते. "तुला धमकावलंय ना त्यांनी? बोलू नकोस. हो असेल तर नुसते डोळे मिचकाव."

डोळे मिचकावायचे नाहीत असं ठरवून जगात कुणी उभं राहिलंय का? मिचकावलेच!

"समजलो!" काका म्हणाले.

"अहो, खरंच! ते सातवं प्रकरण आहे!"

"म्हणजे आधी सहा होऊन गेली? आणि आम्ही गाफील!"

साडेपाच. खरं बोलून भागत नव्हतं. वायरचं वर्ष माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं. आणि टाकीत तर पाणीही नव्हतं. मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आवाज खाली आणला आणि आठवं प्रकरण सुरू केलं.

"काका, आता सांगूनच टाकते. त्या लॅपटॉपमध्ये माग काढणारी चिप आहे. लॅपटॉप जिथे, तिथे ते येणार. म्हणजे तुमच्या कपाटात!"

काकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "मग?"

"तो अशा घरी ठेवायचा, की कुणाला संशयच येऊ नये."

"असं कोण आहे?"

"लिफ्टला घाबरणारी बाई."

काकांनी कपाट उघडलं आणि तापलेला तवा धरावा तसा लॅपटॉप माझ्या हवाली केला. "आणि टाकी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ सुटली होती! "टाकी तुम्ही सांभाळा. फोन बंद ठेवा. इमारतीतल्या कुणावरही विश्वास ठेवू नका. उद्या मी स्वतः येऊन सगळं खोटं होतं म्हटलं, तरी ऐकू नका!"

माझ्या फोनचं इंटरनेट जोडून वायरने पाच छप्पन्नला प्रोजेक्ट पाठवला. मी जिन्यातच फतकल मारली. तेवढ्यात तिने माझ्या फोनवर सातवं प्रकरण वाचून काढलं.

"काकू, राग मानू नका, पण तुमची पोरं मठ्ठ आहेत. लिफ्ट, पाणी, दिवे बंद पाडायला चार जण आणि सात प्रकरणं? आपल्याकडे एका मेसेजमध्ये झालं."

आज सोमवार. दिवे आलेत, पाणी आलंय, माझी सातही प्रकरणं वाचून वायरच्या बाबांनी तिची माफीही मागितलीय. पण सेक्रेटरीकाका अजून गच्चीवरच आहेत! सेक्रेटरीकाकू गच्चीच्या दाराबाहेर डबा ठेवून येतात. लग्नानंतर इतकी शांतता त्यांना पहिल्यांदाच मिळालीय म्हणे. मी तीनदा जाऊन आले. दाराच्या फटीतून छत्रीचं टोक येतं आणि आवाज येतो, "तूच म्हणाली होतीस, ऐकू नका!"

आणि सकाळपासून छत्रीही आलेली नाही.

तुम्ही आमच्या इमारतीत राहत नाही, तेव्हा तुमच्यावर त्यांचा संशय नसणार. जरा वर जाऊन ते ठीक आहेत का बघून येता? सातच मजले आहेत. पण जिन्याने जा हं, लिफ्टची किल्ली त्यांच्याच गळ्यात आहे!