गुणाजी निरीक्षकाचा अहवाल

जोहे गावातल्या हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यातून एक माणूस कमी करणे आवश्यक झाले होते. माणसे चारच होती: साच्याला जगन, घासकामाला हौसा, रंगाला रघू आणि डोळ्यांना गुणाजी. मागणी घटली होती, माती महागली होती. एक गेला तरच उरलेल्या तिघांना पुढचा हंगाम दिसणार होता. हैबतरावांना आठ दिवस जेवण गेले नाही. कोंबडी हाकलतानाही त्यांचा आवाज चिरकायचा, मग माणसाला कुठून ‘जा’ म्हणणार?

म्हणून त्यांनी पुंडलिकाला बोलावले. हा त्यांचा भाचा. धाटावच्या एका कंपनीत तो माणसे कमी करणाऱ्या खात्यात होता, आणि त्या खात्यात आता तो एकटाच उरला होता.

“मामा, निर्णय तुम्ही घ्यायचाच नाही,” पुंडलिक म्हणाला. “कोण किती वेळ रिकामा बसतो, त्याची पंधरा दिवस नोंद करायची. वही बोलेल, तुम्ही गप्प राहायचं.”

गप्प राहणे हैबतरावांना जमण्यासारखे होते. प्रश्न एवढाच, की नोंद करणार कोण? जगन साच्यात, हौसा धुळीत, रघू रंगात. रिकामा असा एकच माणूस सापडला, तो गुणाजी.

डोळे सगळ्यांत शेवटी. मूर्ती रंगून वाळली की गुणाजी आंघोळ करून तिच्यासमोर बसायचा, नमस्कार करायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात बुबुळे ठेवायचा. मग खोलीत कुठेही उभे राहा, देव तुमच्याकडेच बघतोय असे वाटे. हे काम आषाढापासून. नोंद सुरू झाली फाल्गुनात.

गुणाजीला वही, घड्याळ आणि ‘निरीक्षक’ हे पद देण्यात आले. सोळाव्या दिवशी त्याने अहवाल सादर केला: “हौसा दोनदा पाणी पिते. रघू विडी ओढतो, पण ओढताना रंग ढवळतो. जगन बसत नाही. गुणाजी हा कामगार दिवसभर दुसऱ्यांकडे बघत बसतो. सबब त्यास कमी करणे योग्य. – गुणाजी, निरीक्षक.”

“अरे, हे तू स्वतःबद्दल लिहिलंस?”

“खोटं कसं लिवायचं, मालक? बसलेलाच असतोय मी. वहीत तसंच हाय.”

हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी आले. वाईट वाटले म्हणून, असे त्यांनी सर्वांना सांगितले. खरे तर मानेवरचे ओझे उतरले होते. गुणाजीला नारळ देण्यात आला, वर शाल आणि वही उत्तम ठेवल्याबद्दल प्रशस्तिपत्र.

आषाढ आला. तीनशे गणपती अंगभर रंगून रांगेत बसले. डोळे तेवढे कोरे.

“गुणाजीला हाक मारा की, मालक,” हौसा म्हणाली. “पलीकडच्या आळीत तर हाय.”

“पद रद्द झालंय,” पुंडलिक म्हणाला. “आता त्याला बोलावलं तर अहवाल खोटा ठरेल. अहवाल त्याचाच. म्हणजे अपमान कुणाचा?”

हैबतरावांना हे लगेच पटले. पटले की आळी ओलांडावी लागत नाही.

“मग हौसा, तूच ठेव बुबुळं.”

“मी नाय बा! पाप लागंल.”

शेवटी पुंडलिकाने चिकटवायचे छापील डोळे मागवले. दोन दिवसांत पाचशे अठ्ठ्याण्णव डोळे लागले, मागचा एक देव नजरचुकीने राहिला, आणि बाकीच्यांतला एकही समोर बघेना. काही छताकडे, काही शेजारच्याच्या मोदकाकडे. एक थोरला तर मोठ्या कष्टाने स्वतःच्याच सोंडेकडे बघत होता.

गिऱ्हाईक आले तसे हैबतराव दाराआड दडले. लोकांनी मुकुट पाहिला, उंची पाहिली, पितांबराचा रंग पाहिला. डोळ्यांविषयी चकार शब्द नाही. तक्रार एकच आली: मुकुट फार चकाकतो, फोटोत चेहरे नीट येत नाहीत. चेहरे म्हणजे घरच्यांचे. पुंडलिकाने निष्कर्ष नोंदवला: ‘नजर ही अनावश्यक बाब.’

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गुणाजी घरची मूर्ती न्यायला आला. रांगेसमोरून एकदा फिरला.

“मालक, बिनडोळ्यांचा एखादा उरलाय का?”

मागे एक उरला होता. गुणाजीने तिथेच बसून नमस्कार केला, श्वास रोखला आणि बुबुळे ठेवली. हैबतराव खांबामागे सरकले, मग दाराआड. ती नजर तिथेही आली. त्यांना आपली लाज वाटली, चांगलीच वाटली.

“गुणाजी, पुढच्या वर्षी ये रे.”

“कशाला, मालक? वहीत काय खोटं लिवलेलं नव्हतं मी.” त्याने मूर्ती उचलली आणि तो गेला.

उरलेल्या दोनशे नव्व्याण्णवांतला एक बहुधा तुमच्याकडेच आला होता. तो कुठे बघत होता, आठवते? कसे आठवेल? आरती झाल्याझाल्या तुम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात आणि मोबाइलकडे बघून हसलात. तो फोटो अजून असेल. उघडून बघा. तुमच्यामागे तो आहे, आणि तोही तुमच्याकडे बघत नाही.