मनीप्लांटास कावीळ जाहल्याची हकीकत

प्रथम गजाननास नमन, मग सूर्यनारायणास, मग काळ्या मातीस नमन. आणि जे शेवटपर्यंत वाचतील त्यांस सुख असो, जे मध्येच सोडून मोबाईल पाहतील त्यांचे त्यांस लखलाभ.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात (नाव लिहिण्याची आज्ञा नाही, परंतु दोन खोल्या, एक हॉल व एक गॅलरी एवढा मुलूख) शेजारच्या राज्याच्या अधिपती नलिनीबाई सबनीस दाराशी येत्या जाहल्या, आणि त्यांचे हाती मनीप्लांटाची कुंडी होती, आणि त्या बोलिल्या, "लेकीच्या बाळंतपणाला निघाले. हे ह्यांनी लावलेलं, जायच्या आधी. ह्यांच्या हातचं एवढंच राहिलंय. सांभाळाल ना?" तेव्हा महाराज अरविंदराव सिंहासनावरून, म्हणजे सोफ्यावरून, उठोन "वहिनी, निर्धास्त जा!" ऐसे वचन देते जाहले, आणि वचन महाराजांचे व काम राजकन्या मृणालिनी, इयत्ता नववी, यांचे, हे सांगणे नलगे.

मग थोडके दिवस बरे गेले आणि मग बुडाकडील एक पान पिवळे जाहले, मग दुसरे, मग सारा वेल हळदीला बसल्यासारखा दिसो लागला, आणि दरबारी एकच हाहाकार उडाला. तेव्हा महाराजांच्या भगिनी आत्यासाहेब कालिंदीबाई, ज्यांस कॉलेजात असता कावीळ जाहली होती आणि म्हणोन या विषयी ज्यांचा शब्द अखेरचा, त्या चष्मा सावरून म्हणाल्या, "कावीळ! बघायलाच नको."

"आत्या, झाडाला लिव्हर नसतं," राजकन्या बोलिली.

"तू गप्प गं. पिवळं ते पिवळं."

मग उपचार सुरू जाहले. सकाळी उसाचा रस, दुपारी पातळ ताक, आणि विश्रांती हवी म्हणोन कुंडी पडदे ओढून आतल्या खोलीत, आणि राणीसाहेबांनी तर त्या खोलीत फोडणीचा वासही जाऊ दिला नाही. आणि जो येई तो "बिचाऱ्याला तहान लागली असेल" म्हणोन तांब्याभर पाणी ओती, इस्त्रीवाले शिंदेकाकाही ओतून गेले. मग मुंग्यांची फौज चाल करून आली आणि उरलीसुरली पानेही माना टाकती जाहली. मग महाराजांनी दार लावून खलबत केले की, "नर्सरीत अगदी असंच मिळतं. आणू, ठेवू. वहिनींना काय कळतंय?" राणीसाहेब जमिनीकडे पाहत्या जाहल्या. राजकन्या मात्र उभी राहिली.

"बाबा, त्यांना नाही कळणार. पण सबनीसकाकांनी लावलेलं असणार नाही ना ते!"

मग राजकन्येने कुंडी गॅलरीत आणिली आणि बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घातिले, तो आत नुसता चिखल. मग कुंडी आडवी करून वेल बाहेर काढिला, तो मुळे काळी, लिबलिबीत, आणि वास ऐसा की महाराज नाक धरून थेट बाथरूमात गेले. "हे आजारी नाहीये, हे बुडतंय!" राजकन्या गरजली. "मुळांना पण श्वास लागतो. आपण सगळ्यांनी मिळून त्याचं नाक दाबलंय!" मग तिने कात्री घेऊन सडके ते कापिले, पांढरे टणक ते राखिले, पिवळी पाने खुडिली, आणि कुंडी धुऊन, बुडाचे भोक मोकळे करून, भुसभुशीत मातीत वाळू मिसळून वेल पुन्हा लाविला आणि खिडकीशी, उजेड पण थेट ऊन नाही ऐशा जागी, ठेविला, आणि वरची माती सुकेपर्यंत पाण्यास मनाई केली.

"अगं, उपाशी मारशील त्याला!"

"आत्या, रस तू पी."

महाराज रोज येऊन पुसत, "पिवळी पानं पुन्हा हिरवी कधी होणार?" आणि राजकन्या सांगे, "नाही होत, बाबा. गेलं ते पान गेलं. नवं येतंय का तेवढं बघायचं." परंतु नवे काही दिसेना, वेल वीतभर, पाने दोन, आणि ऐशातच नलिनीबाई परतल्या.

महाराज पेपरामागे गेले. राजकन्येने कुंडी नलिनीबाईंचे पुढे ठेविली आणि उसाच्या रसासकट सर्व हकीकत सांगितली, काही लपविले नाही. मग बाईंनी चष्मा लाविला, वाकल्या, आणि देठाच्या सांध्याशी बोट नेऊन म्हणाल्या, "मृणू, हे काय गं?" तेथे हिरवी सुरळी होती, तांदळाएवढी, त्या दिवशीच फुटलेली. मग बाई हसल्या आणि डोळेही पुसत्या जाहल्या. "ह्यांनाही डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं होतं. ऐकतील तर शपथ! याला तू ऐकायला लावलंस." आणि म्हणाल्या, "राहू दे अजून तुझ्याकडेच. आणि भाऊजींना जरा लांब ठेव."

एवंच, बुडाचे एखादे जुने पान पिवळे जाहले तर ते वय जाणावे, घाबरू नये. पुष्कळ पिवळी आणि माती ओली, तर पाणी थांबवोन मुळे पाहावी. माती कोरडी आणि पाने करपली, तर पाणी द्यावे. माती ठीक आणि पाने फिकी, तर उजेडात न्यावे. प्रथम बोट मातीत घालावे, उपाय मग सांगावा, आणि आत्यांस मध्ये घेऊ नये. हे करून पाहिलेले आहे, खोटे निघणार नाही. लेखनसीमा.