पुढे मास्तर, मागे घोंगडी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शिकवण्याच्या बाबतीत माझ्याइतका धीराचा माणूस अख्ख्या पुसेगावात नव्हता! ज्या पोरासमोर आधीच्या मास्तरांनी हात टेकले, त्याला मी चिंचोके मांडून बेरीज शिकवली. शाळा सुटल्यावर गोठ्यातल्या बैलांनाही काहीबाही समजावून सांगायची मला सवय होती. बैल ऐकत. निदान उठून जात नसत.

मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. सडकेचे ठेकेदार हिरासिंग यांनी मिलिटरीच्या लिलावातून एक मोटारसायकल आणली होती. त्यांचा मुलगा माझ्या शाळेत, म्हणून त्यांनी एका दुपारी मला ती चालवायला शिकवली. दुसऱ्या दुपारी ती कशी चालते हे मी गावाला शिकवू लागलो!

अशात श्रावणात निरोप आला. माझी धाकटी बहीण सिंधू नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादला निघाली होती. हिंगोली स्टेशनातून दुपारची गाडी. एवढ्या लांब गेलेली लेक परत कधी दिसेल, कोण जाणे! जाण्याआधी मायला तिची ओटी भरायची होती. पण त्या काळ्या चिखलातून बैलगाडी दुपारपर्यंत हिंगोलीला पोचणं शक्यच नव्हतं.

"माय, मोटारसायकलीवर चल! जेवणाच्या आत हिंगोली!"

आमच्या बाबांनी त्या यंत्राभोवती एक फेरी मारली. "हिला कासरा कुठं हाय?"

"कासरा नसतो, बाबा. ब्रेक असतो."

"आन ब्रेकाचं न्हाई ऐकलं तर?"

हिरासिंगांचा धडा ब्रेकापाशीच संपला होता. मी घाईनं किक मारली.

मायनं ओटीचे तांदूळ, नारळ आणि खण ओच्यात बांधून घेतले. सिंधूच्या वाटेसाठी धपाटे आणि लोणच्याची बरणी यांचं गाठोडं आम्हा दोघांच्या मधे सीटला करकचून बांधलं. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली. "चाल, संपत," म्हणाली.

गाव सुटलं आणि पावसानं गाठलं. वारा तर असा, की जणू आम्ही त्याचंच काही घेऊन पळालो होतो! थेंब तोंडावर खड्यासारखे बसत होते. मायला भीती वाटू नये, म्हणून मी शिकवायला सुरुवात केली.

"माय, पेट्रोलची वाफ होते! त्या वाफेत ठिणगी पडते! कळलं का?"

"व्हय. पन संपत, म्होरं..."

"मधे बोलू नको! आधी सगळं ऐकून घे! ठिणगी पडली, की भडका होतो!"

"आरं, म्होरं थांबशील ना? मारुती येऊन राहिला."

"शंका शेवटी विचारायची, माय!"

हिंगोलीच्या अलीकडे बाबांच्या चुलत्यांचं गाव आहे. म्हणजे मायचं चुलत सासर. त्या गावच्या मारुतीपुढून आणि चावडीपुढून सून गाडीत बसून जात नसे. वेशीशी उतरायचं, डोक्यावर पदर घेऊन चालत जायचं आणि पलीकडे पुन्हा बसायचं. मायनं उभा जन्म हा रिवाज पाळला होता. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण मी तेव्हा ठिणगीपाशी होतो.

वेशीत चिखल इतका, की मी दोन्ही पायांनी जमीन ढकलत गोगलगायीच्या चालीनं चाललो होतो. डोळ्यांत पाणी, कानांत वारा. चिखल पार झाल्यावर गाडीनं वेग घेतला आणि माझ्या शिकवण्यानंही! अधूनमधून "कळलं का?" विचारत होतो. दर खड्ड्याला पाठीत काहीतरी टोचत होतं. मायचा गुडघा! म्हणजे माय ऐकते आहे! इतकी वर्षं शिकवलं, पण मधे एकही प्रश्न न विचारणारा असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

नाल्याशी आलो. पाणी गुडघाभर.

"माय, उतर जरा," म्हणत मागे वळलो.

मागे घोंगडी होती. घोंगडीखाली गाठोडं होतं. गाठोड्यातली बरणी माझ्या पाठीकडे तोंड करून बसली होती. माय नव्हती!

चिखलात पडली असेल का? हाका मारल्या असतील का? आणि मी इकडे भडका, वाफ, ठिणगी! तशीच गाडी वळवली आणि सगळा रस्ता शोधत वेशीपर्यंत गेलो.

चावडीच्या ओसरीवर त्या गावचे नामाजी म्हातारे एकटेच बसले होते.

"नामाजीबाबा, माझी माय..."

"पार्वतीबाई? बसली व्हती की मारुतीपाशी, तुजी वाट बघत. मंग आमचा संतराम बैलगाडी घेऊन हिंगोलीला निघाला, त्याच्यासंगं गेली. शेतातल्या वाटेनं. काहून रे? तू काही इसरला व्हता का?"

"न्हाई, न्हाई!" म्हणालो. माणूस दुसरं काय म्हणणार!

पुन्हा नाल्याशी आलो. या खेपेला गाडी पाण्यात घातली, तर तिनं मधोमध जाऊन डोळे मिटले. वाफ नाही, ठिणगी नाही, भडका नाही. सगळा धडा पाण्यात! तिथून तो लोखंडी रेडा मी ढकलत नेला.

स्टेशनात पोचलो तेव्हा शिट्टी झाली होती. मोटारसायकल तशीच सोडली आणि गाठोडं छातीशी धरून धावलो. खिडकीत सिंधू होती. कपाळावर ओलं कुंकू, ओच्यात नारळ. खाली तिचा हात धरून माय उभी, नखशिखांत भिजलेली.

"दादा, मायला सोडून कुठं गेला व्हतास रे?" सिंधू रडता रडता हसली. मी गाठोडं खिडकीतून आत ढकललं. धपाटे अगदी कोरडे होते.

गाडी दिसेनाशी झाली तरी माय रुळांकडे बघत होती.

"माय, घोंगडी गाठोड्यावर काहून टाकली? तू भिजलीस की!"

"लेकीचं खाणं व्हतं ना त्याच्यात."

"आणि मला जोरात हाक नाही मारायची?"

"तू सांगून राहिला व्हतास. बोलत्या माणसाला मधीच काहून तोडावं? मला वाटलं, सांगून झालं की बघशील मागं."

छडीसुद्धा एवढी लागत नाही!

स्टेशनासमोरच्या चहावाल्याच्या शेगडीवर ठिणगीचा प्लग वाळवला आणि परत निघालो. येताना दर खड्ड्याला मागे वळून बघत होतो; नाला तर गाडी ढकलतच ओलांडला. वेस आली, तेव्हा स्वतःहून गाडी बंद केली, उतरलो आणि ढकलत मायच्या बाजूनं चालू लागलो. चावडी रिकामी होती; नामाजीबाबाही घरी गेले होते.

"माय, आत्ता इथं बघायला कोणी थोरलं नाही."

"ते न्हाईत. मी हाय ना," माय म्हणाली. चार पावलांनी हळूच विचारलं, "संपत, ती ठिणगी पडल्यावर मंग काय व्हतं रे? तेवढं राह्यलं."

मला गहिवरून आलं. असा विद्यार्थी! पहिल्यापासून, एकही पायरी न गाळता, सगळं नीट समजावून सांगितलं. मायनं मधे चकार शब्द काढला नाही.

"म्हंजी चुलीवानीच की," शेवटी ती म्हणाली. "झालं का सांगून?"

"झालं. काही शंका?"

"येकच. मारुती मागं राहून कोसभर झालं. आता बसावं का गाडीवर?"