खैरनार काकांनी नापास केलेला स्पेन

खैरनार काका स्पेनच्या सहलीला पासपोर्टबरोबर मोजायचा टेपही घेऊन गेले होते. अंबडच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. स्वयंपाकाच्या मावशींची पोळी, पेपरची घडी, माझे केस, सगळ्यावर एकच शिक्का, 'रिजेक्ट.'

गंगापूर रोडवर त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. निफाडहून आलोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे परदेश पाहिलेल्या माणसाकडून काही शिकावं म्हणून संध्याकाळी चहाला त्यांच्याकडे बसायचो.

टोलेडोबद्दल कळलं ते एवढंच, की सगळं गाव चढावर आणि "एक फरशी लेव्हलमध्ये नाही." सेगोव्हियाचा पाणी वाहून नेणारा पूल नुसता दगडावर दगड ठेवून उभा, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. "हे ज्यानं पास केलं, त्याला मला भेटायचंय." कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीत शेकडो खांब, पण कुठकुठून आणलेले. लोक माना वर करून कमानी बघत होते, तेव्हा काका खाली बसून टेप लावत होते. गाइड बाईंनी हटकलं, तर काकांनी त्यांनाच दोन खांबांमधला फरक आकड्यानिशी दाखवला.

काकू गुडघ्यांवर शेकायची पिशवी ठेवून ऐकायच्या. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. सहल खरं तर त्यांची हौस. ऐनवेळी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी काकांना एकट्यालाच बळेबळे पाठवलं.

"म्हणजे बघण्यासारखं काहीच नव्हतं?" त्या विचारायच्या.

"काही नाही. वाचलीस तू."

मला राग यायचा. माझं चुकतही असेल, पण जन्मभर ज्यांनी हे शिकवलं, त्यांच्यासमोर इतकं तुच्छ बोलावं? विचारायचं धाडस झालं नाही.

मग एका सकाळी काकांनी मला समोरच्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये नेलं आणि टेपचं टोक धरायला लावलं. गाड्या वर नेण्याचा चढ ते मोजत होते.

"निफाडकर, सेव्हिलला एक मनोरा आहे," ते हळूच म्हणाले. "आत पायऱ्या नाहीत, असाच वळत जाणारा चढ. पूर्वी घोड्यावर बसून जायचे. बाकी सगळीकडच्या पायऱ्या मोजल्या मी. तुझ्या काकूला एकही जागा जमली नसती."

चहाच्या वेळी सेव्हिलचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता काकूंनाही मनोऱ्याचं कळलंय. रोज सकाळी दोघं सरावासाठी पार्किंगचा चढ चढतात, वॉचमन कुरकुरतो. काल मीही बरोबर होतो. पहिल्या मजल्यावर काकू कठड्याला टेकल्या. काकांनी घड्याळ पाहिलं.

"रिजेक्ट. उद्या परत."

"तुमच्या मनोऱ्यात वरपर्यंत असाच चढ आहे ना?" काकूंनी धापा टाकत विचारलं.

"शेवटी थोड्या पायऱ्या आहेत."

"किती?"

काका टेप गुंडाळत राहिले.

"मोजल्या नाहीत. तुला तिथपर्यंतच जमेल. मीपण तिथूनच मागं फिरलो."