तेल्हारकर मास्तरांचं वरचं मीटर

अमरावतीच्या राजापेठेत आमच्या शेजारी तेल्हारकर मास्तर राहायचे. त्यांच्या घराला विजेची दोन मीटरं होती. एक खाली, दाराजवळ, कंपनीचं. दुसरं गच्चीवर, सूर्याचं.

थट्टा करत नाही. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून मास्तरांनी मोडकं मीटर आणलं होतं, अमरावतीपर्यंत मांडीवर घेऊन. त्याची काच काढून ते गच्चीच्या भिंतीवर ठोकलं होतं आणि आतली चकती ते स्वतः बोटानं फिरवायचे. उन्हात अंघोळीची बादली तापली की वीस फेरे. काळ्या रंगाच्या, काच लावलेल्या पेटीत खिचडी शिजली की तीस. कच्ची राहिली तर पंधरा. माणूस प्रामाणिक होता. पंधरा फेऱ्यांची खिचडी मी खाल्लेली आहे, म्हणून सांगतो.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको देवाघरी गेलेली, मुलगी अकोल्याला दिलेली. घरात एकटेच. कुणी दिवसा दिवा लावलेला दिसला की रस्त्यावरून ओरडायचे, "बाप्पा, वरचा माल वापरा ना! एवढा फुकट पडून राहिला!" आता वऱ्हाडातल्या उन्हाबद्दल आपुलकीनं बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. लोक मे महिन्यात वाळ्याच्या पडद्याआड लपायचे, आणि हे गृहस्थ ऊन चांगलं पडलं म्हणून शेजाऱ्यांना गूळ वाटायचे.

कंपनीचा माणूस आकडा घ्यायला आला की त्याला हे हाताला धरून गच्चीवर न्यायचे.

"मास्तर, याले तर कनेक्शनच नाही," तो एकदा म्हणाला.

"वर पाह्य. तेवढं कनेक्शन तुले पुरत नाही काय?"

त्यानं वर पाहिलं, शिंकला आणि निमूटपणे दुसराही आकडा वहीत उतरवला. पुढे त्यालाही सवय झाली.

अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. महिनाभर लेकीकडे राहायचं होतं. मास्तरांनी तारीख तीनदा मोडली. लेक रडकुंडीला आली. मी वकिली नुकतीच सुरू केलेली, म्हणजे दिवसभर मोकळाच होतो. गेलो भांडायला.

"आंधळे व्हाल ना मास्तर! काहून जात नाही?"

मास्तर उठले. मला गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे कपाटाचा एक मोठा आरसा लाकडी घोडीवर उभा केलेला होता. मला तो त्यांच्या प्रयोगांपैकीच एक वाटायचा. त्यातलं ऊन मागच्या बोळातल्या एका खिडकीत शिरत होतं. ती खोली अमिनाबींची. एकट्या राहायच्या आणि शिंप्यांची कामं घ्यायच्या. गावातल्या बहुतेक वकिलांच्या कोटांची काजं त्यांच्या हातची, माझ्याही. काळ्या कापडावर काळा धागा, आणि खोलीत वीज नाही, भर दुपारी अंधार.

"माह्या घरातून तार देतो म्हटलं, तर बाई म्हणे दुसऱ्याच्या मीटरवर मी सुई नाही धरणार," मास्तर म्हणाले. "मग आरसा ठेवला. प्रयोग करून राहिलो म्हटलं, चुकून येते ऊन तुमच्याकडे. पण सूर्य एका जागी थांबत नाही ना, वकीलसाहेब. दर दहा मिनिटाले फिरवा लागते. मी गेलो तर बाईचा धंदा बसला समजा."

"याचे फेरे किती?" मी विचारलं.

"याचे नाही मोजत," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मला माझीच लाज वाटली. मी आरशाचं काम पत्करलं आणि मास्तर अकोल्याला गेले.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत आरसा लावला. खाली डोकावून पाहिलं, तर उजेड थेट अमिनाबींच्या बोटांवर. दहा मिनिटांनी पुन्हा नेमका तिथेच. तेवढ्यात त्या खिडकीशी आल्या आणि कपाळावर हात आडवा धरून त्यांनी वर पाहिलं.

"मास्तर गेले काय, भाऊ?"

मी चपापलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"आज ऊन बराबर सुईवर पडलं." त्या जराशा हसल्या. "त्याइले दिसत नव्हतं ना. चार-सहा महिने झाले, कधी भिंतीवर पडे, कधी मटक्यावर. मग मीच सुई घेऊन तिकडे सरकून बसत होती. त्याइले सांगू नका. डोळे चांगले होऊ द्या."

त्या पुन्हा कामाला बसल्या. मला मास्तरांची फार आठवण आली. संध्याकाळी अकोल्याला कार्ड टाकलं: आरसा नीट फिरतो आहे, काम थांबलेलं नाही, परतायची घाई करू नका. बाकीचं लिहिलं नाही.